मी भाव सांगत नाही

मी पोत्यात उभा होतो आणि वरून पोत्याचं तोंड शिवत होते.

कापूस भरायचं पोतं. तरटाचं, पुरुषभर उंचीपेक्षा खोल, तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेलं. आत मी एकटा. डोक्यावर एवढंसं गोल आभाळ. दाभण एका काठातून घुसला, दुसऱ्या काठातून निघाला, सुतळी ओढली गेली आणि आभाळ लांबट झालं. दुसरा टाका. तिसरा.

बाहेर माणसं हसत होती. शहाणी माणसं. एक वकील, एक शाळामास्तर, कचेरीतले दोन कारकून. वकील म्हणजे भाऊसाहेब. ते आवार त्यांचं, पोतं त्यांचं, कापूसही त्यांचाच.

"शिव, शिव," भाऊसाहेब म्हणाले. "कापूस म्हणूनच पाठवू याला मुंबईला."

पुन्हा हसले. मग तरटावर बोट टोचून, लहान पोराशी बोलावं तसं म्हणाले, "महाराज, आतून एक शिवी द्या. नुसती एक. लगेच सोडतो."

एका शिवीवर सुटत होतो. मी ती दिली नाही. मला शिव्या येत नाहीत असं कुणी समजू नये. मी कुणब्याच्या घरचा आहे, बैल हाकलेले आहेत. ती शिवी का दिली नाही ते सांगायला बसलो आहे, आणि सांगताना कुणाची भीड ठेवणार नाही.

आमचं गाव वलगावच्या बाजूला. काळी जमीन, दोन बैलजोड्या, खाऊनपिऊन सुखी घर. दुसऱ्याच्या दारात उभं राहायची वेळ माझ्यावर गरिबीनं आली नाही. माझं डोकं फिरलं, म्हणून आली.

आधी झोप गेली. मग बोलणारे आले. एक बाई आणि दोन पुरुष. दिसायचे नाहीत, नुसते बोलायचे, माझ्याशी नाही, एकमेकांशी. आता हा उठला. आता हा पाणी पितो. आता हा आमचं ऐकतो. दिवसभर हेच. मी कानात बोळे घातले, विहिरीत उतरून बसलो, बैलाच्या पोटाला कान लावून झोपलो. ते थांबले नाहीत. मग मी ओरडून त्यांना उत्तरं द्यायला लागलो आणि गावाला कळलं.

घरच्यांनी करायचं ते सगळं केलं. भगत आणला, लिंबं कापली, मिरच्यांची धुरी दिली. डोळे आठ दिवस सुजून राहिले, बोलणारे तसेच. मग गावाबाहेरच्या एका देवाच्या ठाण्याला नेऊन बांधलं. एका लांब साखळीला आम्ही पाच जण. माझ्या डाव्या हाताला पातूरचा एक सुतार, विठोबा. तो दिवसभर हवेत रंधा मारायचा. पलीकडे गिरजा नावाची बाई. तिचे हात सारखे बोंडं वेचायचे, नसलेल्या झाडाची, आणि नसलेल्या ओटीत टाकायचे. या दोघांना लक्षात ठेवा. मीही ठेवलं.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई लागली होती म्हणे, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इकडे अमरावतीच्या बाजारात माणसं पिसाळली होती. लोकांनी गाद्या उसवून त्यातला जुना कापूस विकला. पाहुणा आला की त्याला घोंगडीवर झोपवायचे. वकिलांनी वकिली सोडली, मास्तरांनी शाळा सोडली, जो तो ओसरीवर कापसाचे नमुने मांडून बसला. आणि वेडे म्हणून साखळीला आम्ही होतो.

एकदा पायातलं कडं सैल झालं आणि मी सुटलो. चालत चालत अमरावतीच्या वेशीपाशी आलो. समोरून गाड्या येत होत्या, कापसानं लादलेल्या, खामगावच्या बाजाराला निघालेल्या. मी पहिल्या गाडीच्या चाकापुढं बसलो. का बसलो ते मला अजून नीट आठवतं. बोलणारी बाई म्हणाली होती, चाकाखाली तुझी माय आहे. गाडीवानांनी बैल हाकायच्या पुराणीनं टोचलं, पाणी ओतलं, दोघांनी धरून ओढलं. मी चाकाला मिठी मारली. सूर्य कलेपर्यंत गाड्या तिथंच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मुंबईची डाक आली. भाव चढला होता. गाड्या वेळेवर निघाल्या असत्या तर माल जुन्या भावानं गेला असता. गाड्यांचा मालक धावत आला. मला वाटलं मारणार. त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. तो मालक म्हणजे भाऊसाहेब. मी हारातली तीन फुलं खाल्ली. भूक लागली होती.

त्यानंतर मला घरच्यांनी शोधून घरी परत नेलं. पुढच्या पावसाळ्यात बोलणारे दूर गेले. बंद झाले नाहीत, दूर गेले. शेताच्या पलीकडच्या बांधावरून कुणी बोलावं तसे. मला भूक कळायला लागली, झोप लागायला लागली. मी उठून गोठ्यात गेलो आणि शेण काढलं. कुणी सांगितलं नव्हतं.

पेरणीच्या दिवशी मी तिफणीला हात लावला. मोठ्या भावानं माझं मनगट धरलं.

"तू नोको लावू हात," तो म्हणाला. "तुया हातचं बी उगवत नाही म्हंतात लोक."

"कोन म्हंते?"

"कोनी बी म्हनो. तू बस. तुले का कमी हाय? बस अन् खाय."

वाईट मनानं म्हणाला नाही. तेच जास्त लागलं. बैल धरू दिले नाहीत, निंदायला नेलं नाही. मी ओट्यावर बसायचो आणि समोरून माणसं कामाला जायची. ज्याला काहीच करायचं नसतं त्याच्या कानापाशी बोलणारे लवकर येतात, हे शहाण्यांना कोण सांगणार. बांधापलीकडचे आवाज हळूहळू अंगणापर्यंत आले.

माझी अक्का अमरावतीत दिलेली. ती माहेरी आली, तिनं मला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन निघाली. तिच्या शेजारी तुळसामाय राहायची. मूळची बाळापूरची. एका कापसाच्या आवारात तीस बायका सरकी काढायच्या रेच्यांवर बसायच्या, आठ-दहा गडी कापूस भरायचे, आणि त्या सगळ्यांची मुकादमी तुळसामायकडे. बुटकी, जाड, दात काळे, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडचा माणूस काम सोडून उभा राहावा.

अक्कानं सुरू केलं, "याले ताप आला होता, मामी. बारीक ताप."

"ताप न्हाई आला," तुळसामाय म्हणाली. "मले दिसते. खोटं सांगशीन तं मले काम लावता येत न्हाई." मग माझ्याकडे वळली. "बापू, काय काय येते तुले?"

मला काय झालं होतं ते सगळे विचारायचे. मला काय येतं ते तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "बैल येते. निंदन येते. पाय मजबूत हायत."

"जड कवा जाते?"

"दुपारी. गर्दीत. लय लोक एकदम बोलले का."

तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. "पोत्यात जाशीन?" तिनं विचारलं.

तेव्हा कापूस पायानं तुडवून भरायचे. टांगलेल्या पोत्यात माणूस उतरायचा, काठाशी माचणावर उभा राहून जोडीदार वरून टोपलीनं कापूस टाकायचा, आणि आतला गडी काठाकाठानं फिरत तो दाबायचा. जसा कापूस भरेल तसा माणूस वर यायचा. सकाळी अख्खा बुडालेला असायचा, दुपारपर्यंत छातीपर्यंत बाहेर. गडी या कामाला कंटाळायचे. आत उकडतं, कापसाचं तूस नाकातोंडात जातं. मला पहिल्याच दिवशी कळलं की आत आवाज येत नाही. बाजाराचा येत नाही, आणि त्या तिघांचाही फार थोडा येतो. पाय चालत असले की ते मागं राहायचे.

तुळसामायनं माझ्यासाठी वेगळी रीत बसवली. पोत्याच्या काठाला एक दोरी बांधली, तिचं टोक माझ्या हाती. जोडीदारानं थोड्या थोड्या वेळानं दोरी हलवायची, मी आतून एकदा ओढायची. ओढली म्हणजे ठीक. दोनदा ओढली म्हणजे बाहेर काढा. आणि ज्या दिवशी जड असेल त्या दिवशी सकाळीच तिला सांगायचं. "आज जड हाय." एवढंच. मग त्या दिवशी पोतं नाही. बैलांच्या हौदावर पाणी भरायचं, एकट्यानं, घागरीनं.

"घरी धाडनार न्हाई मी तुले," ती म्हणाली. "घरी बसला का माणूस सडते. माया घरधन्याचं बी असंच डोकं फिरलं होतं, त्याले आमी घरीच बसोला होता. बसल्या बसल्याच गेला तो. कोपऱ्यात हात जोडून बसला अन् मेल्यावर बी हात सरळ झाले न्हाई." मग बोट रोखून म्हणाली, "पन जड दिवस लपोला तं हाकलीन. सांगतला तं न्हाई हाकलणार."

माझा जोडीदार महादू. पहिले दहा दिवस तो लांबूनच टोपली भिरकावायचा, कापूस अर्धा खाली सांडायचा. त्याला वाटायचं मी चावीन. एकदा मी आतून विचारलं, "महादू, तमाकू हाय का?" पोत्यात चिमूट पडली. त्यानंतर कापूस सांडला नाही.

काम लागलं तसा मी बरा झालो. हे मी उलटं सांगत नाही. लोक म्हणतात बरा झाला म्हणून काम करायला लागला. एकदा एका व्यापाऱ्यानं माझ्या पोत्यावर गुडघा मारून पाहिला आणि विचारलं, कुणी तुडवलं हे. तुळसामायनं माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं आणि कुणी हसलं नाही, असं बऱ्याच दिवसांनी झालं होतं. त्या रात्री मी अक्काला दोनदा सांगितलं.

जड दिवसही आले. मी सांगितले. हौदावर पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्यात उतरलो. अशा दोन सुग्या गेल्या.

मग ते आवार भाऊसाहेबांनी घेतलं.

पहिल्याच दिवशी ते फिरत फिरत आमच्या तिकाटण्यापाशी आले. मी छातीपर्यंत वर आलो होतो, केस तुसानं पांढरे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि हात जोडले.

"अरे, हे तर आपले महाराज! गाड्या अडवणारे!"

तुळसामाय पुढं आली. "भाऊसाहेब, तो बरा झाला जी आता. चांगला गडी हाय."

"बरा कशाला झाला?" भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी हे खरोखर विचारलं. चेहऱ्यावर काळजी होती. घरातली गाय आटली तर माणूस जशी करतो तशी.

त्या संध्याकाळी मला त्यांच्या ओसरीवर नेलं. पाट, हार, नवं धोतर, पोटभर जेवण. काम काही नाही. बसायचं. माझ्या भावानंही हेच सांगितलं होतं, त्यानं फक्त हार घातला नव्हता. संध्याकाळी व्यापारी जमायचे आणि मला विचारायचे. त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं: मी शिवी दिली तर भाव चढणार, गप्प बसलो तर पडणार, रडलो तर आहे तिथंच राहणार. शिकलेली माणसं. यातला एकजण संस्कृत शिकवायचा.

मी पहिल्या दिवशी हात जोडून सांगितलं, "मले भाव समजत न्हाई. मी बरा हाय. मले तुडवाचं काम द्या."

ते एकमेकांकडे पाहू लागले. कारकून म्हणाला, "वेड्यानं शहाण्यासारखं बोलणं हे कशात धरायचं?" आणि त्यावर ते वाद घालत बसले. माझ्यासमोर. मी खांब असल्यासारखा.

अक्का भेटायला आली. मी तिला म्हणालो, मला इथून ने. तिनं धोतराचा काठ चाचपून पाहिला. "बसून खायाले भेटून राहिलं तुले," ती म्हणाली. "उन्हात तुडवाचं हाय का तुले जलमभर?" ज्या बहिणीनं मला ओट्यावरून उठवलं तिनंच मला त्या पाटावर बस म्हटलं. मी तिला दोष देत नाही, असं म्हणावं वाटतं. पण देतो.

मी शहाण्यासारखा बसायला लागलो तसा त्यांचा धीर सुटला. त्यांना शिवी हवी होती. ताट पुढं ठेवून काढून घ्यायचे. पाठीवर अचानक गार घागर ओतायचे. एकदा भाऊसाहेब माझ्या मायबद्दल बोलले. माय त्याच वर्षी गेली होती आणि हे त्यांना ठाऊक होतं. काय बोलले ते मी सांगणार नाही. मी उठून त्यांना आईबापावरून शिवी दिली, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत. सगळे आनंदानं उभे राहिले. कुणीतरी पेढे मागवले. माझ्या मायच्या अपमानावर त्यांनी माल घेतला.

दोन-चार दिवसांनी सकाळी मी तोंड धूत होतो आणि कानापाशी बाई म्हणाली, आता हा तोंड धुतो.

मी घाबरलो. पण मला तुळसामायनं शिकवलं होतं, लपवायचं नाही. मी भाऊसाहेबांकडे गेलो आणि जे तिला सांगायचो तेच त्यांना सांगितलं. "आज जड हाय जी. डोक्यात पुन्हा बोलून राहिले. मले पानी भराले पाठवा."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी नोकराला हाक मारली. "पळ. मास्तरांना सांग, कारकुनांना सांग. म्हणावं लवकर या, महाराज आज तयार आहेत."

तेव्हा मला समजलं. आवारात जड दिवस सांगितला की घागर मिळायची. इथं जड दिवस सांगितला की पाहुणे बोलावले गेले. माझा चांगला दिवस या माणसाला नको होता. मी जितका तुटेन तितका त्याला कामाचा. माझे पाय, माझी मेहनत, मी तुडवलेलं घट्ट पोतं, यातलं काहीच त्याला नको. त्याला फक्त ते तिघे बोलणारे हवे होते, आणि त्यांना तो ओसरीवर बोलावून जेवू घालत होता.

मी हार काढून पाटावर ठेवला आणि चालू लागलो. नोकर मागून ओरडला. मी पळालो नाही. पळणारा वेडा सगळ्यांनाच ओळखू येतो. भर बाजारातून नीट चालत मी आवारात आलो आणि महादूच्या टांगलेल्या, जवळजवळ रिकाम्या पोत्यात उतरलो. दुसरी कुठली जागा मला माहीत नव्हती.

भाऊसाहेब पाहुण्यांना घेऊन मागोमाग आले. माचणावर चढून पोत्यात वाकून पाहिलं. "बाहेर या," म्हणाले. मी आलो नाही. "शिव रे याचं तोंड," म्हणाले. दाभण महादूच्या हातात दिला. आणि महादूनं शिवायला घेतलं. माझ्याच महादूनं. टाके वेडेवाकडे पडत होते, पण पडत होते.

तर मी आत उभा. आभाळ लांबट झालं, मग बारीक झालं. आत बाई म्हणाली, आता याला शिवतात. बाहेर भाऊसाहेब म्हणाले, एक शिवी द्या. दोन्हीकडून माझ्यावरच बोलणं चाललं होतं आणि दोन्हीकडे माझं काही चालत नव्हतं.

शिवी दिली तर ते माल घेणार. गप्प बसलो तर विकणार. रडलो तर थांबणार. माझ्या तोंडातून काहीही निघालं तरी ते त्यांचंच होणार. श्वास पुरेना. तूस घशाला लागलं. मी पाय हलवले. सवयीनं. एक काठ, दुसरा काठ, तिसरा काठ. पायाखाली कापूस फार थोडा होता, जमीनच लागत होती.

मग मी बोललो. मोठ्यानं, रोज ज्या आवाजात बोलायचो त्याच आवाजात.

"महादू, कापूस कमी हाय. टोपली दे."

दाभण थांबला.

बाहेर कुणी हसलं नाही. मग कारकुनाचा आवाज आला, "हे कशात धरायचं?"

"कायातच धराचं न्हाई," तुळसामायचा आवाज. "तो काम मागून राहिला."

ती माचणावर चढली, काठावर तिची जाड बोटं दिसली. तिनं महादूच्या हातून दाभण काढून घेतला आणि एकेक टाका उसवला. घाई केली नाही. पोत्यात हात घालून तिनं मला वर ओढलं. बाहेर आलो तेव्हा तीसही रेचे थांबले होते आणि बायका बघत होत्या. एखादी बोलली असती तर बरं झालं असतं.

भाऊसाहेबांनी आवाज चढवला नाही. वकील माणूस. "तुळसा," म्हणाले, "हा ओसरीवर बसेल, नाहीतर या आवारात पाऊल टाकणार नाही. आणि तुला याचा फारच कळवळा असेल, तर या बायकांना घेऊन तूही जा. ठरव."

ती त्या तीस बायकांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"बापू, तू अकोल्याले जाय," ती म्हणाली. "तथी बी भरतात कापूस. जाऊन पयले खरं सांगजो. लपोजो न्हाई."

त्या दिवशी मला तिचा राग आला. आजही थोडा आहे. टाके उसवले, पण ठेवून घेतलं नाही. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार मी पुष्कळ केला आहे आणि राग गेलेला नाही. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बाई, हेही तितकंच खरं.

जाताना मी भाऊसाहेबांसमोर उभा राहिलो. पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. म्हणालो, "डोकं फिरलं होतं तवा तुमी माया पाया पडले. बरा झालो तवा मले पोत्यात शिवलं. आता माया डोक्याचं काय कराचं, थे मी पाहीन."

त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. अजून हिशेब लावत होते, हे शिवीत धरायचं का.

अकोल्यात तीन आवारांच्या दारांतून मला हाकललं. प्रत्येक दारात मी आधीच सांगितलं: मला वेड लागलं होतं, पुन्हा लागू शकतं, काम येतं. खोटं बोललो असतो तर पहिल्याच दारात घेतलं असतं. चौथ्या ठिकाणचा मुकादम दाढीवाला, चिडका. त्यानं विचारलं, "परत लागलं येड तं मी का करू?"

"त्या दिवशी पानी भराले द्या. दुसऱ्या दिवशी तुडवतो."

"चोरी बिरी?"

"न्हाई."

"उतर पोत्यात."

पुढं अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळला. अमरावतीहून माणूस आला तो सांगत होता, भाऊसाहेबांचं दिवाळं निघालं. ते सगळ्यांना सांगतात म्हणे, वेड्यानं बुडवलं, कळत असून सांगितलं नाही. मला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं, आणि दोन दिवस बरंच वाटत राहिलं. मग काम कमी झालं आणि गडी काढायला लागले. मुकादमानं मला ठेवलं. मायेनं नाही. माझी पोती घट्ट असायची.

अकोल्याला आगगाडी आली त्या साली मी त्या ठाण्यावर गेलो. साखळी तीच. पाचातले दोघे मेले होते. विठोबा सुतार हवेत रंधा मारत होता. मी त्याच्यापुढं बसलो आणि तुळसामायचा प्रश्न विचारला, "काय येते तुले?" त्यानं हात थांबवला. मग म्हणाला, "चाकाचे आरे येते." गिरजाला विचारलं आणि खऱ्या कापसाचं बोंड तिच्या हातात दिलं. तिनं सरकी काढून वेगळी ठेवली, कापूस वेगळा. त्यांच्या घरच्यांशी भांडलो, ठाण्यावरच्या माणसाशी भांडलो. एकानं विचारलं, यात तुझा काय फायदा. मी म्हणालो, आहे.

दोघांना घेऊन स्टेशनाजवळच्या एका मोठ्या आवाराच्या फाटकात आलो. माझ्या आवारात आणखी जागा नव्हती. इथला मुकादम मला तोंडओळखीनं ओळखायचा. त्यानं विठोबाकडे पाहिलं, गिरजाच्या पायावरच्या साखळीच्या वळाकडे पाहिलं.

"हे बी तुयासारखेच का?"

"हो."

"येडे?"

"येड लागलं हाय. कवा कमी असते, कवा जास्त. जड दिवस असन तं मी येऊन सांगीन. त्या दिवशी पानी भरतीन. बाकी दिवशी काम."

मुकादमाच्या मागं एक व्यापारी पान खात उभा होता. तो हसला. "भाव सांगतात का रे हे?"

"न्हाई," मी म्हणालो. "हा आरे तासते. ही सरकी काढते. मी तुडवतो. भाव आमच्यातलं कोनीच सांगत न्हाई. काम असन तं बोला."

"आज नको," मुकादम म्हणाला. "उद्या या."

"उद्या बी तुमी हेच सांगान. आजच सांगा."

मागं कापसाच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या. फाटक अरुंद, आणि फाटकात आम्ही तिघे. गाडीवान ओरडायला लागले, बाजूला हो, बाजूला हो. एकानं पुराणी उगारली. पूर्वी मी असाच गाड्यांपुढं बसलो होतो, तेव्हा मी काय करतो आहे ते मला कळत नव्हतं. आता कळत होतं. मी विठोबाचा एक हात धरला, गिरजाचा एक धरला.

मी बाजूला झालो नाही.